बेळगावच्या मित्राकडे शनिवार-रविवार: एका दिवसात एकच दिशा धरा

बेळगावला मित्र आहे, कुणाच्या लग्नात भेटला की "एकदा घरी ये रे" म्हणतोय, आणि यावेळी खरंच जायचं ठरलंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी बेळगावचाच, टिळकवाडीत राहतो. पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-सांगलीचे मित्र आमच्याकडे येत असतात, त्यामुळे हे सगळं यजमानाच्या बाजूनं बघितलेलं आहे. पाहुणे येतात ते मोबाईलमध्ये लिस्ट घेऊनच येतात. गोकाक धबधबा, हलशी, कित्तूर, सौंदत्ती, आंबोली, राजहंसगड, आणि जमलं तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जेवण, आणि हे सगळं दोन दिवसात. मॅपवर सगळं जवळच दिसतंय. पण गोकाक ईशान्येला, हलशी दक्षिणेला, आंबोली पश्चिमेला आणि बेळगाव मधोमध, म्हणजे एक ठिकाण झालं की परत मागं येऊन दुसरीकडं निघायचं, असं करत दिवस गाडीत जातो आणि ज्याच्यासाठी आलात तो मित्र दोन दिवस नुसता ड्रायव्हर होऊन राहतो. म्हणून माझं सांगणं एवढंच की एका दिवसाला एक दिशा धरा, आणि रात्रीचं जेवण मित्राच्या घरीच ठेवा. बाकीचं सगळं यातूनच ठरत जातंय.

आधी तारीख, मग बाकीचं

तारीख ठरवताना मित्राला सुट्टी आहे का एवढंच विचारून भागत नाही. डिसेंबरमध्ये इथं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, सुवर्णविधानसौधमध्ये, त्या दिवसात लॉज-हॉटेलं भरलेली असतात, मोर्चे असतात, रस्ते वळवलेले असतात. मित्राकडेच उतरणार असाल तरी गावात फिरायला ते दिवस बरे नाहीत. 1 नोव्हेंबरच्या आसपासही येऊ नका. त्या दिवशी एकीकडं राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी माणसं काळा दिवस पाळतात, कारण 1956 साली याच तारखेला भाषावार प्रांतरचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. हा विषय आमच्या घराघरात आहे, तुमच्या मित्राच्या आजोबांनी कदाचित त्यासाठी सत्याग्रह केलेला असेल. त्यांना विचारा, ते मनापासून सांगतील, आणि ऐकायला वेळ ठेवा. फक्त रस्त्यावर, बसमध्ये, हॉटेलात यावरनं कुणाशी वाद घालत बसू नका. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसटी हद्दीवरच थांबवतात, कागलला किंवा निपाणीला, त्यामुळे बसने येणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी मित्राला एक फोन करून बस चालू आहेत ना एवढं विचारून घ्या.

उलट एक वीकएंड असा आहे की तेव्हा मुद्दाम यावं, तो म्हणजे शिवजयंतीच्या चित्ररथांचा. बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे वैशाखात करतात, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, आणि नंतर रात्रभर चित्ररथांची मिरवणूक चालते. गल्लीगल्लीची मंडळं महिनाभर आधीपासून देखावे, संवाद, पोशाख यांची तयारी करत असतात आणि लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव रस्त्यावर असतंय. त्या वेळी मात्र बाहेरगावच्या फेऱ्या एकदम कॅन्सल करा, रात्र जागून दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नाही.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. बेळगाव उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर, त्यामुळे हिवाळ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो, स्वेटर घेऊन या. पावसाळ्यात इथला पाऊस बघण्यासारखा असतो पण तो दिवस दिवस थांबत नाही, तेव्हा प्लॅन वेगळा करायचा, तो पुढं सांगतो.

घरच्यांशी बोलून घ्या

हे फार कमी लोक करतात म्हणून वेगळं लिहितोय. मित्र तुमचा असला तरी घर त्याच्या आईचं, बायकोचं, वडिलांचं पण असतंय. किती जण येणार, शुक्रवारी रात्री किती वाजता पोचणार, जेवून येणार की घरी जेवणार, एवढं वहिनींना किंवा काकूंना थेट फोन करून सांगा. मित्राला सांगितलेलं घरात पोचतंच असं नाही. शनिवारी बऱ्याच घरात मटण-मासे शिजत नाहीत, त्यामुळे नॉनव्हेजचा बेत सहसा रविवारी दुपारी असतो, आणि तो बेत मोडून तुम्ही सकाळीच कुठंतरी निघालात तर काकूंना वाईट वाटतंय. म्हणून रविवार दुपार कुठं असणार हे आधीच बोलून ठरवा.

येताना मिठाई आणू नका, मिठाई तुम्हालाच इथनं घेऊन जायची आहे. कोल्हापूरकडनं येणाऱ्यांनी गूळ आणावा, पुण्याहून बाकरवडी, कोकणातनं कोकम-आमसूल. घरात लहान मुलं असतील तर मराठी गोष्टीची पुस्तकं आणा, हे मी अगदी आग्रहानं सांगतोय. इथं मुलांना मनासारखी मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत, आणि पाहुण्यांनी आणलेलं पुस्तक घरात वर्षानुवर्षं राहतंय.

यायचं कसं

कोल्हापूरहून बेळगाव साधारण 110 किमी, पुण्याहून 340 च्या आसपास, सगळा हायवेच. फक्त सातारा ते कागल सहापदरीचं काम काढलेलं आहे, तिथली डायव्हर्शन धरून पुण्याहून येणाऱ्यांनी हाताशी दीड-दोन तास जास्त ठेवावेत. कोगनोळीला हद्द ओलांडली की कर्नाटक, तिथनं पुढं निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि बेळगाव. पेट्रोल-डिझेल सहसा हद्द ओलांडल्यावर थोडं स्वस्त पडतं, त्यामुळे टाकी कागलच्या अलीकडं फुल करू नका.

रेल्वेनं पुण्याहून गोवा एक्स्प्रेस आहे, सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारत पण सुरू झालीय, ती रोज नाही, वार बघून तिकीट काढा. मुंबईकरांना दादरहून चालुक्य एक्स्प्रेस सारख्या गाड्या आहेत, त्या पण ठराविक वारीच. कोल्हापूरवाल्यांनी रेल्वेच्या भानगडीत पडू नये, मिरजेला वळसा घालून येण्यापेक्षा बस कधीही बरी. विमान सांबऱ्याला उतरतं, तिथनं गाव जवळ आहे.

बसबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, जून 2023 पासून, पण तो कर्नाटकातल्या रहिवाशांनाच. महाराष्ट्राचं आधारकार्ड असेल तर तिकीट काढावं लागतं, कंडक्टरशी हुज्जत घालू नका. दुसरं म्हणजे लोकल बसच्या पाट्या बऱ्याचदा नुसत्या कन्नडमध्ये असतात, आकडे सुद्धा. त्यामुळे पाटी वाचायचा प्रयत्न सोडा आणि सरळ विचारा. बेळगाव स्टँडवर आणि खानापूर भागात "मामा, ही हलशीला जाते काय?" म्हटलं की मराठीत उत्तर मिळतंय.

टिळकवाडीत मित्र राहत असेल तर तो पत्ता देताना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं सांगेल, ती रेल्वे गेटं आहेत आणि रिक्षावाल्यांना कॉलनीच्या नावापेक्षा गेट लगेच कळतंय. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

शुक्रवार रात्र

काही करू नका. जेवा, गच्चीवर नाहीतर अंगणात बसा, गप्पा मारा, झोपा. शनिवारी सकाळी 7 ला निघायचं आहे.

शनिवार: दक्षिणेची फेरी, खानापूर ते कित्तूर

दोन दिवसातला हा दिवस मला सगळ्यात जास्त आवडतो आणि आलेल्या प्रत्येकाला मी हीच फेरी करायला लावतो, कारण यात परत मागं यावं लागत नाही, एका रस्त्यानं जायचं आणि दुसऱ्या रस्त्यानं गोल फिरून घरी यायचं. बेळगाव, खानापूर, नंदगड, हलशी, बिडी, देगाव, कित्तूर आणि हायवेनं परत बेळगाव. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे किमी होतंय. गाडी नसेल तर मित्राची बाईक चालेल, ऊन वाढायच्या आत हलशी गाठलीत की झालं.

खानापूर 26 किमीवर. तिथं पोटभर नाश्ता करा, कारण पुढं कित्तूर येईपर्यंत बरं हॉटेल मिळेल याचा भरवसा नाही. मलप्रभा नदी गावाजवळनंच वाहते, आणि वेळ असेल तर असोग्याला रामलिंगाचं देऊळ आहे नदीकाठी, सकाळी तिथं शांत असतं. खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली, खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था इथंच आहे. मातीची भांडी घ्यायची असतील तर याच गावात विचारा, पण बाईकवर असाल तर राहू द्या.

खानापूरहून नंदगड. एकेकाळी या भागातली मोठी बाजारपेठ होती, अजून जुनी घरं आणि दुकानांची ओळ बघितली की अंदाज येतो. इथं संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा माणूस, राणी कैदेत गेल्यावर यानं इंग्रजांशी गनिमी पद्धतीनं लढाई चालू ठेवली, आणि 26 जानेवारी 1831 ला नंदगडजवळ वडाच्या झाडाला त्याला फाशी दिलं. लोक इथं नवस बोलायला येतात, पाळणे बांधतात. चपला बाहेर काढून दोन मिनिटं बसा. आजच्या दिवसाचा शेवट कित्तूरला आहे, त्यामुळे रायण्णाची गोष्ट इथं ऐकून पुढं गेलात की कित्तूरचा पडका वाडा नुसत्या भिंती वाटत नाहीत.

आता हलशी. बाहेरून कुणी येऊन हे गाव न बघता गेला की मला मनापासून हळहळ वाटते. आज हे साधं खेडं आहे, शेणानं सारवलेली अंगणं, गवताच्या गंज्या, भाताची शेतं. पण पाचव्या-सहाव्या शतकात याचं नाव पलाशिका होतं आणि बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी होती, पुढं गोव्याच्या कदंबांच्या काळात पण तिला तोच मान होता. जुन्या कदंब राजांनी जैन मुनींना दिलेल्या दानांचे ताम्रपट या गावात सापडलेत. मुख्य देऊळ भूवराह नरसिंहाचं, बाराव्या शतकातलं, आणि त्याची रचना नीट बघा. एकाच मंडपाला दोन गाभारे आहेत, समोरासमोर. एकात पृथ्वीला उचलून धरलेला वराह उभा आहे, दुसऱ्यात नारायण बसलेला, मधल्या मंडपात तुम्ही उभे राहिलात की दोन्ही देव तुमच्या दोन बाजूंना एकमेकांकडं बघत असतात. वराहाची मूर्ती बघताना पुजाऱ्यांना दिवा जरा बाजूला धरायला सांगा, उजेड तिरका पडला की त्यानं उचललेली पृथ्वीदेवी स्पष्ट दिसते. घाई करू नका. बाहेर आवारात छोटी देवळं आहेत, गावात फिरलात तर कल्मेश्वर, सुवर्णेश्वर अशी अर्धी पडलेली देवळं आणि एक जुनी जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर पण आहे. यातलं बरंचसं कुणाच्या तरी परड्याशेजारी किंवा शेताच्या बांधाला आहे, तेव्हा आत शिरायच्या आधी घरातल्या माणसाला हाक मारून विचारा. इथली मंडळी मराठी बोलतात, आणि "कुठनं आलासा?" विचारून झाल्यावर बऱ्याचदा कुणीतरी स्वतः दाखवायला बरोबर येतंय. त्याला पैसे काढून देऊ नका, देवळाच्या पेटीत टाका. हलशीला दीड-दोन तास द्या, सहज जातात.

तिथनं बिडीमार्गे कित्तूरकडं निघायचं. रस्ता काही ठिकाणी खराब आहे, पण दोन्ही बाजूला झाडी आणि मध्ये मध्ये भाताची, उसाची शेतं. हळूहळू मराठी मागं पडते आणि कन्नड सुरू होते, दुकानांच्या पाट्या नाही तर माणसांच्या बोलण्यातनंच ते कळतंय. कित्तूरच्या 5-6 किमी अलीकडं देगाव लागतं, तिथं कमलनारायणाचं देऊळ आहे. गोव्याच्या कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी, तिनं हे बांधवलं, बाराव्या शतकात. एका लांब मंडपात एका ओळीत तीन गाभारे, आणि खांबांवर, छतावर जे कोरीव काम आहे ते हलशीपेक्षा जास्त नाजूक आहे. हलशी आणि देगाव एकाच राजघराण्याचं, जवळपास एकाच काळातलं, त्यामुळे दोन्ही एका दिवसात बघण्यात खरी मजा आहे, डोक्यात आपोआप तुलना होत राहते.

कित्तूरला पोचेपर्यंत दुपार टळलेली असते. जेवा आणि मग किल्ल्यात जा. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा इंग्रज अधिकारी थॅकरे इथं चालून आला आणि त्याच लढाईत मारला गेला. दत्तक वारस नामंजूर करून संस्थान घ्यायचं हा डाव, पुढं झाशीला जे झालं ते इथं तीसेक वर्षं आधी घडलं. डिसेंबरमध्ये इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, कित्तूर पडलं, राणी चन्नम्माला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं आणि 1829 ला ती तिथंच वारली. राजवाड्याच्या आता जाड भिंती, खोल्यांचे चौथरे, न्हाणीघरं आणि पाण्याच्या सोयी एवढं उरलंय, आवारात एक म्युझियम आहे. म्युझियम आधी बघा, वाडा नंतर, कारण संध्याकाळी म्युझियम आधी बंद होतं आणि वाडा बघायला उतरत्या उन्हातच बरं वाटतं. 23 ते 25 ऑक्टोबरला कित्तूर उत्सव असतो, तेव्हा गर्दी सोसत असेल तरच जा.

परतीला हायवे, 50 किमी, तासाभरात बेळगाव. गावात शिरायच्या आधी सुवर्णविधानसौधची पांढरी इमारत हायवेवरनंच दिसते, 2012 ला उद्घाटन झालेलं. अंधार पडेपर्यंत घरी, अंघोळ, आणि काकूंच्या हातचं जेवण.

रविवारी काय करायचं ते पाणी बघून ठरवा

जुलै ते सप्टेंबर असेल आणि पाऊस बरा झाला असेल तर गोकाक. एरवी गोकाकला जाऊ नका. हे स्पष्ट सांगतोय कारण फोटो बघून उन्हाळ्यात जाणारे लोक काळे दगड बघून परत येतात. घटप्रभेवर वरच्या अंगाला हिडकलचं धरण आहे आणि धबधब्याच्या थोडं आधी धुपदाळचा बंधारा, तिथनं पाणी कालव्यात वळवतात. त्यामुळे धरण भरून पाणी सोडलं की मग खरा धबधबा. तो मात्र असा असतो की 52 मीटरवरनं अख्खी नदी घोड्याच्या नालाच्या आकारात खाली पडते, लाल पाणी, आणि आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. काठावर चालुक्यकाळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आहे. पलीकडं जायला झुलता पूल आहे, त्यावर सोडतात का नाही हे त्या दिवशीच्या पाण्यावर असतंय, अडवलं तर ऐका. शेजारी जुनी सूतगिरणी, आणि याच पाण्यावर 1887 साली वीज तयार केली होती, देशातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. कठड्याच्या बाहेर, दगडावर उतरून सेल्फी काढू नका, शेवाळावर पाय घसरला की खाली काही आधार नाही, दरवर्षी कुणीतरी असं जातं.

गोकाकला जायचं असेल तर सामान गाडीत भरूनच निघा आणि मित्राला त्याच्या गाडीनं किंवा बाईकनं बरोबर घ्या. अंकलगीमार्गे धबधबा गाठा, मग गोकाक गावात जेवा, तिथनं घटप्रभा, हुक्केरी करत संकेश्वरला हायवेला लागा. म्हणजे बेळगावला परत यायचा फेरा वाचतो आणि कोल्हापूरची जवळपास अर्धी वाट तिथंच झालेली असते. मित्र गोकाकातनं परत फिरेल. जेवायला एखादी खानावळ बघा, ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा. वाढणारा थांबत नाही, पुरे झालं की "साकु" म्हणायचं. या भागात मराठी दुकानदारांना कळते पण सगळ्यांनाच नाही, तेव्हा "एष्टु" म्हणजे किती, "एल्लि" म्हणजे कुठं, "नीरु" म्हणजे पाणी, "बेडा" म्हणजे नको, एवढं पाठ करून जा, आणि कुणाला हाक मारायची तर अण्णा, अक्का. गोकाकात करदंट घ्या, सुकामेवा, डिंक आणि गुळाचं, आणि लाकडी खेळणी बघा, रंगवलेली फळं आणि बाहुल्या, ही जुनी कारागिरी आहे आणि घेणारे कमी होत चाललेत.

पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातले धबधबे मात्र डोक्यातनं काढून टाका. वज्रपोहा वगैरे नावं तुम्हाला मोबाईलवर दिसतील, पण तो जंगलाचा भाग आहे, वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, आणि ओढा वाढला की परतीची वाटच बंद होते.

पावसाळा नसेल तर रविवार गावातच

सकाळी 7 ला राजहंसगड, यळ्ळूरचा. पंधरा किमी, वरपर्यंत गाडी जाते. वर सिद्धेश्वराचं देऊळ आणि शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा, आणि तिथनं चारही बाजूंची शेतं दिसतात. 9 पर्यंत खाली.

मग बेळगावचा किल्ला, स्टँडच्या अगदी समोर, तरी पाहुणे तिथं जात नाहीत. रट्ट राजांच्या काळात 1204 च्या सुमारास बांधला, भोवती खंदक आहे. आतली कमल बस्ती बघा, जैन मंदिर, नेमिनाथाची मूर्ती, आणि मंडपात उभं राहून मान वर करा, छताला दगडी कमळ उलटं लोंबतंय, पाकळ्यांवर पाकळ्या. आतच सफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रम आहे, विवेकानंद 1892 ला बेळगावला आले होते त्यांची आठवण तिथं जपलीय. किल्ल्यात लष्कराचा भाग आहे, तिकडं मोबाईल काढून फोटो काढू नका. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, त्यामुळे कॅम्पात पण हेच पाळायचं.

किल्ल्यावरनं टिळकवाडीत काँग्रेस विहीर. डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते याच अधिवेशनाचे. हजारो लोकांना पाणी हवं म्हणून तेव्हा ही विहीर खणली, आणि शेजारच्या रस्त्याला अजून काँग्रेस रोडच म्हणतात. टिळकांनी होमरूल लीगची सुरुवात पण 1916 ला बेळगावातनंच केली.

जेवायच्या आधी तासभर बाजार. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार, सगळं चालत फिरायचं, गाडी लांब लावा. कुंदा इथं घ्यायचा, दूध आटवून खमंग तपकिरी होईपर्यंत केलेला. दुकानात चव बघून मग घ्या आणि किती दिवसात संपवायचा ते विचारा, उन्हाळ्यात डिकीत ठेवला की खराब होतो, पायाशी सावलीत ठेवा. मांडे मिळाले तर जरूर घ्या, रुमालासारखे पातळ असतात, हातात सांभाळून न्यावे लागतात, बॅगेत चुरा होतो. बेळगावी बासमती तांदूळ घ्यायचा असेल तर दुकानापेक्षा मित्राच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडनं घ्या, यळ्ळूर-अनगोळ भागात कुणीतरी असतंच, आणि तुरमुरीपासून खानापूरपर्यंत पावसाळा संपता संपता रताळी निघतात ती पण पोत्यानं स्वस्त पडतात. साड्या बघायच्या असतील तर शहापूर. ते पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगावला चिकटून असलं तरी त्याचा बाजार अजून वेगळाच आहे, आणि शेजारच्या वडगाव-खासबागेत मागांचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो.

एकला घरी. मटण, भाकरी, भात, आणि नंतर थोडं आडवं व्हा.

निघताना

कारनं जाणाऱ्यांनी 4 पर्यंत निघावं म्हणजे तवंदी घाट उजेडात उतरता येतो, तिथं रविवारी संध्याकाळी ट्रक भरपूर असतात. घाटाजवळ स्तवनिधीचं जैन क्षेत्र आहे, थांबायला चांगली जागा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर, घरोघरी चटणी करायच्या दिवसात येत असाल तर संकेश्वरला दहा मिनिटं थांबून संकेश्वरी मिरची घ्या, जवारी, जरा महाग असते पण तिखटाला वास राहतो. मिरची हातात चुरून बघा, बी खडखड वाजलं पाहिजे आणि देठ हिरवट-ओला नको, ओली घेतली की घरी जाऊन बुरशी धरते. निपाणी भागात हातानं बनवलेल्या कोल्हापुरी चपला मिळतात, 2019 ला या चपलांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर-सांगलीबरोबर बेळगाव जिल्हा पण आहे, तेव्हा कारागिराकडनंच घ्या आणि एक नंबर घट्ट घ्या, वापरून सैल होतात.

सौंदत्तीच्या यल्लमाला जायचं असेल तर ते या दोन दिवसात कोंबू नका. पौर्णिमा सोडून, विशेषतः मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा सोडून एखादा साधा शनिवार निवडा, येताना नवीलतीर्थाचं धरण आणि हूलीची जुनी देवळं करा, तो पूर्ण एक दिवस होतो. आंबोली, चोर्ला, कणकुंबीला मलप्रभेचं उगमस्थान ही पश्चिमेची दिशा, तिला पण वेगळा दिवस लागतो. निघताना गाडीत बसायच्या आधीच मित्राच्या घरच्या कॅलेंडरवर पुढच्या भेटीचा शनिवार खूण करून ठेवा, आणि त्या वेळेला त्याला तुमच्याकडं बोलवायचं की तुम्ही परत यायचं ते वहिनींसमोरच ठरवा.